धाकटी आत येते

—नाही नाही, शिडी राहू द्या तिथेच, माझी काही अडचण नाही. खुर्ची मीच सरकवतो. फक्त एसीचं झाकण काढाल तेव्हा धूळ या मशीनवर पडणार नाही एवढं बघा, बाकी तुमचं काम तुमच्या पद्धतीने होऊ द्या, मिस्त्री. खोली तापली तर माझं काही बिघडत नाही हो, मशीनचं डोकं फिरतं — आणि इथे माणसाच्या डोक्यापेक्षा मशीनच्या डोक्याला किंमत जास्त. तर तुम्ही विचारत होतात, ही जुनी मालिका परत कशी काय लागली. बातमी आली तो दिवस अगदी साधा होता बघा. मी इथेच बसून कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात जोडत होतो, डबा उघडा, घास हातात, आणि आमच्या मोठ्या बाई दारात — चॅनलच्या मुख्य त्या, एरवी या मजल्यावर पाऊल टाकत नाहीत — म्हणाल्या, लोक भांडणांना कंटाळलेत, त्यांना घर हवंय. ती आपली जुनी घरगुती मालिका काढा कपाटातून, संध्याकाळी लावू, सगळं घर एकत्र बसून बघेल असं काहीतरी. आणि तुम्ही तेव्हाही होतात, तर हे तुम्हीच करा. मी घास खाली ठेवला. त्यांना वाटलं, आनंदाने.

झालाच होता म्हणा आनंद. का नाही होणार? तुम्हीही बघितली असेल लहानपणी — बघितली ना? एक घर, आजोबा, दोन मुलगे, थोरली सून, धाकटी सून, आणि जगातलं सगळ्यात मोठं भांडण काय, तर खिडकी उघडी कुणी टाकली. कुणी कुणाला विष घालत नाही, कुणी जिन्यावरून कुणाला ढकलत नाही. आता हे पचायचं कसं लोकांना, असं इथल्या निम्म्या मंडळींना वाटत होतं. पण पचलं. पहिल्या आठवड्यातच पचलं. आणि मग कौतुक सुरू — वा, काय काम केलंत, एकही सांधा दिसत नाही. दिसणार कसा? आयुष्य गेलं त्यात.

सांधा कसला म्हणता? सांगतो. तेव्हाचा भाग लांब होता, जाहिराती मोजक्या. आता जाहिरातींना जागा जास्त लागते. म्हणजे प्रत्येक भागातून चार मिनिटं काढायची. जुना कोट बारक्या अंगाला बेतून द्यायचा, तसं — कापड तेच दिसलं पाहिजे, शिवण आत गेली पाहिजे. आणि त्याचा नियम असतो, मी केलेला नाही, आमच्या धंद्याचाच आहे — बोलण्याला हात लावायचा नाही, गोष्टीला हात लावायचा नाही. जे रिकामं आहे ते काढायचं. कुणी दारातून आत येतंय, कुणी जिना उतरतंय, कुणी पेले ठेवतंय, कुणी नुसतंच उभं आहे. हे गेलं तर कुणाला कळत नाही. कुणालाच नाही. घरातसुद्धा असंच असतं ना, पाणी आणून ठेवणारं माणूस—

काय म्हणालात? तुमच्या आईने विचारलं?

पाणी आणून देणारी ती धाकटी कुठे गेली म्हणून. बरं. नजर चांगली आहे हो त्यांची. नाही, आहे ती, आहे. म्हणजे भागात आहे, असते ती मागे कुठेतरी. ओझरती. आईंना सांगा, चष्मा पुसून बघा — नाही, तसं नका सांगू. त्यांचा चष्मा ठीक आहे.

ती माझी बायको. धाकटी झाली होती ती. तुम्ही काम करा, थांबू नका, मी काही रडगाणं गाणार नाही, फार वर्षं झाली त्याला. ती नटी नव्हतीच मुळी. कपडेपटात होती — इस्त्री करायची, सुटलेली बटणं लावायची. धाकटी सून करणारी बाई पहिल्या दिवशी आलीच नाही, दिग्दर्शक वैतागला, समोर ही दिसली सुईदोरा घेऊन, म्हणाला हिला उभी करा, पेले घेऊन आत येईल, बोलायचं काही नाही. तर ती आत आली. आणि पुढे वर्षभर आत येतच राहिली. मी तेव्हा मोठ्या एडिटरच्या हाताखाली, टेपा उचलायच्या, सेटवर नेऊन द्यायच्या. कॅमेऱ्याच्या शेजारी उभा असायचो, काखेत टेपांचा डबा. ती पेले ठेवायची आणि वळताना जरा बाजूला बघायची. लोकांना वाटायचं सासऱ्यांकडे बघते, किती अदबीने बघते. सासरे दुसऱ्या बाजूला बसलेले, मिस्त्री. या बाजूला मीच होतो.

मोठे एडिटर दुपारनंतर डुलक्या काढायचे, किरकोळ जोडणी माझ्यावर सोपवून. मग मी काय करायचो — ती आत आली की कट जरा उशिरा घ्यायचो. जरासाच. ती येते, ठेवते, वळते, बघते — तिथपर्यंत जाऊ द्यायचो. दिग्दर्शक एकदा म्हणाला, काय रे, या घरात पाणी यायला फार वेळ लागतो. म्हटलं, घर मोठं आहे साहेब. हसला तो. आणि हिच्या लक्षात आलं. इस्त्री करता करता म्हणाली, सगळ्यांना कापता, मलाच का नाही कापत? म्हटलं, हात चालत नाही. लग्नाची बोलणी म्हणाल तर एवढीच.

तर हा सगळा मोकळा भाग आला कुठून? मीच घातलेला. मालिकेतली सगळ्यात सैल जागा कुठली, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि मोठ्या बाई म्हणतात सैल जागा काढा. कुंपणानेच शेत खावं तसं झालं की नाही हे? पण नियमात बसतं. अगदी नियमात बसतं. कुणालाही विचारा.

हो, तेही खरं. सुरुवातीचं गाणं आहे. चांगलं लांबलचक, दोनदोनदा तेच धृपद, त्यातच निम्मा वेळ निघाला असता. लोक तर त्या वेळात हात धुवून येतात. गाण्याला हात लावू नका असं कुणी म्हणालं होतं का? नाही. तसं कुणी म्हणालं नव्हतं. तुम्ही मिस्त्री माणूस, तुम्हालाही पहिल्या फटक्यात सुचलं बघा.

पहिला भाग लावला ना मी — या इथेच, दार लावून, चहा घेऊन, म्हटलं निवांत बघू. आजोबा बोलले, थोरली बोलली, मग दार उघडलं. आणि ती आली. आता तुम्हाला काय सांगू. घरात फोटो आहे तिचा, त्याच्यासमोरून मी रोज ये-जा करतो, काही होत नाही. फोटो कुठे बघत नाही तुमच्याकडे. ही पेले ठेवून वळली, आणि बघितलं. काखेत डबा घेतलेल्या त्या पोराकडे. इतकी ताजी, नुकतीच इस्त्री सोडून आलेली — आणि या बाजूला बसलेलं कोण, तर मी, हा असा, पोट सुटलेला, गोळ्यांची पट्टी खिशात. मला तिच्याकडे बघता येईना. हात गेला बटणावर. एकदा गेला. मग दुसऱ्या भागात जाताना अडखळला नाही. आता चालतो हात.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी खपवून घेतलं असतं. माझं मी. पण पोरगी आहे ना. एकच. बुटाची नाडी बांधायला शिकली नव्हती तेव्हा तिची आई गेली. तिच्या वाटणीला काय आलं? फोटो. आणि आमच्या वेळचे फोटो कसे, तुम्हाला माहीत आहे, सगळे सावधान उभे. शाळेत असताना एकदा तिने विचारलं, बाबा, आई चालायची कशी? आता हे कसं सांगायचं? मी चालून दाखवलं. हसून लोळली. म्हणायचो, थांब, ती मालिका लागेल कधीतरी, त्यात बघ. आता लागली. आणि पोरीने टीव्ही विकत घेतला हो, घरात नव्हता, फोनवरच बघतात ना सगळे — आईला एवढ्याशा फोनवर बघायचं नाही म्हणाली. रोज संध्याकाळी सगळं सासर गोळा करून बसते. तिच्या सासूबाई तर पहिल्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून बसल्या, विहीणबाईंची पहिली भेट म्हणून. गंमत नाही करत मी. केस विंचरून बसल्या होत्या.

भाग संपला की फोन. बाबा, आई कधी येणार? म्हटलं, येईल, तिचं काम जरा पुढे आहे. दुसऱ्या दिवशी फोन — आज पण नाही आली. म्हटलं, धीर धर गं, मालिका आहे ती, काही बस नाही. सासूबाई मागून म्हणतात, असू दे, विहीणबाई वेळ घेऊन येतील, मानाच्या आहेत. मी हसलो पण त्यावर.

आणि परवा... एका ठिकाणी माझं लक्ष चुकलं. आजोबांच्या पुढ्यात पेला ठेवताना एक हात आला चौकटीत, नुसता हात, मनगटापर्यंत, पापणी लवेल इतकाच. राहून गेला. फोन आला. आवाज अगदी हळू. म्हणाली, बाबा, तो पेला ठेवणारा हात होता ना, तो आईचा होता का? मला असं वाटलं, माझाच हात बघतेय.

मी नाही म्हटलं.

म्हटलं, दुसरीच कुणी असेल, सेटवरची. म्हणाली, अच्छा. आणि मग मला विचारत बसली, गोळ्या वेळेवर घेता ना. मी म्हटलं, घेतो.

नका, उतरू नका शिडीवरून, मला काही झालेलं नाही. तुमचं ते बसवून घ्या आधी. बरं, उतरलाच आहात तर या इकडे. बसा. एक दाखवतो. हा आजचा भाग. आज धाकटी माहेरी जाते — तिचं काम इथे संपतं, यापुढे ती नाही. आमचं लग्न झालेलं होतं आणि हिला दिवस गेलेले, अंगावर दिसायला लागलं होतं, मग लेखकाने तिला माहेरी धाडून दिलं. म्हणजे आज तिथे पोरगी पण आहे बघा, पदराआड. लेखकाने जाता जाता एक वाक्य दिलं तिला बोलायला. सबंध मालिकेत एक. बघा — ही आली. पिशवी घेतली. आता बोलेल.

ऐकलंत? ‘दार लोटून घ्या, वारा येतोय.’ बस. एवढंच. घरी येऊन मला म्हणाली, छातीत नुसतं धडधडत होतं, वाऱ्याबद्दल बोलायला.

आवाजाचं तर माझ्याही डोक्यात राहिलं नव्हतं, मिस्त्री. किंचित घोगरा होता. पोरीचाही तसाच आहे. मला वाटायचं तिला सर्दी होते सारखी.

नाही. जे पाठवायचंय त्यात हे नाही. ते हे शेजारच्या पडद्यावरचं — यात नाही ती. आत्ता बघितलंत ते मी बाजूला काढून ठेवलंय. सगळेच ठेवलेत, एकामागोमाग एक, ती आत येते, ती आत येते, ती आत येते... फेकलेलं काही नाही. वाक्याला हात लावायचा नाही असा नियम आहे, हो. मीच सांगितला. आज तोही राहिला नाही.

गाणं कापा म्हणता. कापता येईल की. गाण्याचं दुसरं कडवं काढायचं, इथे हे घालायचं, तुमचं झाकण बसायच्या आत होईल. आहे वेळ अजून. बसा, आत्ता करून दाखवतो तुम्हाला. हे बघा, गाणं इथून सुरू—

थांबा हं, फोन वाजतोय, प्रसारणाच्या खोलीतून आहे.

हॅलो. हो. हो, आजचाच. नाही, तयार आहे तसा... आत्ता? नेहमी तर जरा उशिरा — बरं. नाही, अडचण काही नाही. काय अडचण असणार. एक बारीकसं — नाही नाही, काही नाही. पाठवतो. हो, तोच. हं. गेला बघा. मिळाला? ठीक आहे.

मिळाला त्यांना.

असं बघू नका माझ्याकडे. म्हटलं असतं, थोडं थांबा, तर थांबले असते. चांगली माणसं आहेत ती, आदर करतात माझा. झाला ना तुमचा एसी? गार येतंय, हो, छान येतंय. सही खाली दारावरचे देतील, मला नका विचारू — शिडी न्या, आणि जाताना दार उघडंच ठेवा. नाही, आईंना काही सांगू नका.

निघा तुम्ही. सात वाजता ते सगळे बसतील टीव्हीसमोर. पोरीला मी अजून फोन केलेला नाही.