सावळ घाटातून आबांना आणलं

हॅलो?… मनमाड?… हो, नाशिकहून, दवाखान्यातून बोलतेय. गोरक्षदादा, तूच ना?… मी लंका. मोठ्यानं बोल रे, नुसती खरखर येतेय.

दादा… आबा गेले.

नाही, इथं नाही. वाटेतच. पेठहून डॉक्टरांना दाखवायला आणत होते ना… सावळ घाटात. आबा पुढं, खाजा ड्रायव्हरच्या शेजारी. आई मागं.

सांगते, ऐक ना. निम्मा घाट चढल्यावर खाजानं मोटार थांबवली. इंजिनात पाणी ओतलं, आबांना पाजायला गेला, तर पाणी ओठांवरूनच खाली आलं. तेव्हा त्याला कळलं.

नाही, आईला नाही सांगितलं. गुंगी आलीय म्हणाला. आपल्या खांद्यावरच्या मोठ्या रुमालानं आबांना सीटला बांधलं आणि निघाला.

फसवलं कसलं, दादा?… अरे, दोन्हीकडे नुसतं रान, चिटपाखरू नाही. आईनं तिथं हंबरडा फोडला असता, तर एकट्यानं काय करायचं होतं त्यानं?

आणि वाटभर आबांशी बोलत होता तो… हो, आबांशीच. आबा, गवत पिवळं पडलं बघा. आबा, नागली कापायला आली. तुम्ही राखलेला साग केवढा झालाय, बघा… आबांचा जन्म जंगलखात्यात गेला, त्याला ठाऊक होतं ना.

काय?… त्याचं तोंडही बघायचं नाही?… स्टेशनवर तोच येणार आहे तुला घ्यायला… नको कसं? थांब. दादा, आईला माहीत होतं.

हो, आईला. आबांच्या खांद्यावर हात होता तिचा. पाण्यासाठी थांबायच्या आधीच कळलं तिला. मी रडले असते तर त्या वळणांवर खाजाचे हात थरथरले असते, म्हणाली. म्हणून गप्प बसली. आणि तो आबांशी बोलायचा ना, तेव्हा मागून तीच ‘हं’ म्हणायची.

दादा?… आहेस ना?… रड. मीसुद्धा सकाळपासून तेच करतेय.

खाजा? इथंच, दारात बसलाय. गोरक्षभाऊंना काय सांगू, एवढंच विचारतो. आईला माहीत होतं, हे मी सांगितलं त्याला. माझी समजूत काढताय, म्हणाला.

ऑपरेटरबाई, लाईन तोडू नका हो, एवढं होऊ द्या… हां, बोल दादा… काय?… पुन्हा बोल…

बरं. सांगते त्याला, ‘दादा म्हणाला, स्टेशनवर खाजालाच पाठव.’ हो… हेच शब्द सांगते. ठेवते.