झाड न तोडता बांधलेलं घर

सन्माननीय अध्यक्षमहोदय, आदरणीय प्राचार्यसाहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, आणि समोर बसलेले प्राध्यापक, विद्यार्थी, बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मला बजावलंय, "काकू, दोनच शब्द बोला. सरांच्या मागे तुम्ही कशा खंबीरपणे उभ्या राहिलात, एवढंच." मागेच उभी होते गं बाई, म्हणून तर कुणाला दिसले नाही! हसा, हसा. हेसुद्धा हसताहेत.

जुन्या बांधकामांचा एवढा गाढा अभ्यासक या कॉलेजला पुन्हा मिळणार नाही, असं आत्ता सगळेच म्हणाले. खरंच आहे ते. पाया खणण्याआधी ते जुने कारागीर त्या जागेवर नुसते बसून राहायचे, वारा कुठून येतो, पाणी कुठे वाहतं ते बघायचे, झाडाची परवानगी मागायचे, हे ह्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. थट्टा नाही करत मी.

लग्नानंतर ह्यांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते एका पडक्या वेशीपाशी. लोकांचे नवरे बागेत नेतात! त्या वेशीच्या दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीवर एकेक दगडी फळी होती. हे म्हणाले, "डोक्यावर भारा घेऊन आलेल्या बाईला तो एकटीने उतरवता यावा, म्हणून ही फळी. बांधणाऱ्याने आधी दमलेल्या माणसाचा विचार केला. हेच त्याचं अध्यात्म." अध्यक्षमहोदय, मी तिथल्या तिथे ह्यांच्यावर भाळले. तुम्हीच सांगा, कोण नाही भाळणार?

आता ह्यांनी बांधलेल्या घराविषयी. आत्ता पडद्यावर त्याचे फोटो पाहून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. डोंगराच्या पायथ्याशी, मातीच्या भिंतींचं, झाड न तोडता बांधलेलं. झाड स्वयंपाकघरातून सरळ छपराबाहेर जातं. फार सुंदर दिसतं. त्याच्या खोडावरून मुंग्या उतरतात, त्या फोटोत आल्या नाहीत. दार मुद्दाम ठेंगणं ठेवलंय, माणसाने घरात नम्र होऊन शिरावं म्हणून. माझी कंबर ही अशी, डॉक्टर म्हणतात वाकू नका. मी आपली दिवसभर नम्रच होत असते.

पण मुंग्यांची नि कंबरेची तक्रार नाही हो माझी. गेली काही वर्षं प्रत्येक सुट्टीत आम्ही तिथे जातो. आम्ही म्हणजे काय, मला तिथे सोडून दुसऱ्या दिवशी हे व्याख्यानाला निघतात. विषय, निसर्गाशी सुसंवाद. इकडे आठ-आठ दिवस तो संवाद मी करते. फोन लागत नाही, शेजार नाही. दुपार कलली की डोंगराची सावली अंगणात उतरते आणि माझा जीव नुसता कोंडतो. मागच्या सुट्टीत मी त्या झाडाला विचारलं, "चहा टाकू का तुला?" आपण काय बोललो ते ध्यानात आलं, आणि मग कितीतरी वेळ रडत बसले.

प्राचार्यसाहेब, घड्याळाकडे बघितलंत, दिसलं मला. आवरतेच आहे.

आज सकाळी आम्ही कॉलेजचं क्वार्टर रिकामं करून किल्ली देऊन टाकली. सामान भरलेला टेम्पो बाहेर फाटकाशी उभा आहे. कार्यक्रम संपला की त्यात बसायचं आणि कायमचं तिकडे जायचं. सुट्टी संपली म्हणून परत यायची आता सोय नाही. आणि ह्यांची व्याख्यानं काही थांबत नाहीत. गावोगावची निमंत्रणं आत्ताच इथे वाचून दाखवली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, काय करणार?

घरी विषय काढला की हे म्हणतात, "शांतपणे बोलू." तिथे शांतता एवढी आहे की माझा आवाज तिच्यात बुडूनच जातो. लेकीला सांगितलं, तर ती म्हणते, "अगं आई, लोक अशा जागेसाठी तडफडतात!" मग कुणाला सांगायचं? इथे माइक आहे, भरलेलं सभागृह आहे, आणि ह्यांना माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही. म्हणून इथे सांगते.

मी त्या घरात राहायला जाणार नाही.

झालं. सांगून टाकलं एकदाचं.

घर वाईट नाही. पण घर बांधताना ह्यांनी वाऱ्याला विचारलं, पाण्याला विचारलं, झाडाला तर विचारलंच विचारलं. मला कुणी विचारलं? मी काय निसर्गाबाहेरची आहे?

इथेच, पोस्टाच्या मागे दोन खोल्यांची एक जागा मी पाहून ठेवलीय. खिडकीखाली दिवसभर माणसं भांडत असतात. इतकं बरं वाटलं ऐकून! टेम्पोवाल्या दादांना तिकडे चला म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, "काकू, कुठे न्यायचं ते आधी तुम्ही दोघं ठरवा."

अहो, काय म्हणालात? इथे ऐकू येत नाही. जरा मोठ्याने बोला.

ऐकलंत? पहिल्या रांगेने तरी ऐकलं असेल. हे विचारताहेत, "मग तिथे मी एकटा काय करू?"

मंडळी, हा प्रश्न मला पहिल्या सुट्टीपासून पडलाय. ह्यांना तो आज, आत्ता, या खुर्चीत बसल्यावर पडला.

मला माइक दिलात आणि मध्येच काढून घेतला नाहीत, त्याबद्दल आयोजकांची आणि अध्यक्षांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही टोचलं असेल, एखादा मान द्यायचा राहून गेला असेल, तर माझ्या वयाकडे बघून पोटात घाला. मी आता खाली बसते. आणि ह्यांचं उत्तर ऐकल्याशिवाय उठणार नाही.