मास्तरीणबाईंचं माप

फोन दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. सोबत त्यांची भाची.

"मावशी, बस ना जरा."

"बसवत नाही गं. फोनमधली दोनशे बायकांची मापं गेली."

"आणि वही?"

"टाकली. या कंपनीचाच माणूस म्हणाला होता, कागद हरवतो, आमच्याकडे काही हरवत नाही."

"आणि तू ऐकलंस!"

"चौदा वर्षं यांचेच फोन वापरतेय. तुझ्या काकांशी भांडले यांच्यासाठी. तुलाही हाच घ्यायला लावला."

"मग नव्या फोनवर काय आलं?"

"नुसती नावं. म्हणे मापं ठेवायची सोय बंद केली, तसं कळवलं होतं. कुठे कळवलं, तर बिघडलेल्या फोनवर!"

"बोलव ना बायकांना, परत घे मापं."

"बाकीच्या येतील. मास्तरीणबाईंचं काय करू? कॅन्सरमुळे एक छाती काढून टाकलीय त्यांची. दार लावून, कशीबशी एकदा टेप लावू दिली. आता परत कुठल्या तोंडाने बोलावू?"

"ताई, तुमची तक्रार वर पाठवलीय," काउंटरवरचा म्हणाला. "मापं मिळाली तर दोन दिवसांत कळवू. तोवर आमच्या सेवेला किती तारे द्याल? इथे बोट लावा."

"मावशी, एकच दे. कळू दे त्यांना."

"गप्प बस. मापं अजून यांच्याच हातात आहेत."

"मावशी!"

"पाच दिले हो दादा. बघितलंत ना? पाच."