ऑर्डर

बहीण : दूध तेच आहे, दादा. फक्त बाटली बदलली.

भाऊ : फक्त म्हण. बाकीची गिऱ्हाइकं कधीच गेली. तुमच्या डेअरीच्या बाटल्यांवर ही काचेची भट्टी जळत होती.

बहीण : परदेशातली बाटली निम्म्या भावात पडते. आयातीवरची जकात उठल्यापासून सगळेच तीच घेतात.

भाऊ : सगळ्यांचं मला सांगू नकोस. सगळे माझ्या आईच्या पोटी आलेले नाहीत.

बहीण : ज्या करारानं त्यांच्या बाटल्या आल्या, त्याच करारानं आमची दूध पावडर तिकडे जायला लागली. तेव्हा तूच पाठ थोपटली होतीस.

भाऊ : बहिणीचं बरं झालं तर कुणाच्या पोटात दुखतं? पण तिकडच्या गवळ्यांचं काय झालं, कधी विचारलंस?

बहीण : विचारलं. त्यांचा एजंट म्हणाला, गोठे विकले. आता काचेच्या कारखान्यात जातात.

भाऊ : म्हणजे त्यांना भट्टी मिळाली. मला काय, गोठा?

बहीण : हे म्हणतात, डेअरीत ये. बाटल्या धुतात तिथं देखरेखीला.

भाऊ : मेहुण्यांच्या हाताखाली, परक्या बाटल्या धुवायच्या. आणि इथले बाकीचे अठरा जण?

बहीण : दोघांना घेता येईल.

भाऊ : कोणते दोन, तेही तूच निवड.

बहीण : टोचून बोल. ऐकायलाच आलेय.

भाऊ : टोचत नाही गं. सहा महिन्यांची ऑर्डर मागतोय. भट्टी एकदा थंड झाली की आतली काच दगड होते. मग भट्टी फोडायचीच, पुन्हा पेटत नाही. तेवढ्या मुदतीत मालक दुसरं गिऱ्हाईक शोधतील.

बहीण : नाही मिळालं तर?

भाऊ : तर सहा महिने जास्त जगली म्हणायचं.

बहीण : महाग बाटलीतलं दूध दुकानात पडून राहतं, दादा. माझ्याकडेही माणसं आहेत, त्यांच्याही चुली आहेत. मला नाही जमणार.

(भाऊ भट्टीच्या तोंडाशी जाऊन आत बघतो.)

भाऊ : स्वतः येऊन सांगितलंस. मेहुण्यांना नाही पाठवलंस.

बहीण : त्यांना पाठवलं असतं तर मला पुन्हा माहेरचा उंबरा चढता आला नसता.

भाऊ : मालक म्हणाले होते, ती नाही म्हणाली तर आजच गॅस बंद कर.

बहीण : मी थांबू?

भाऊ : थांब. पण जरा मागे सरक. थंड होताना विटा तडकतात, लागेल तुला.