नवी चिप आली

जुळे सोलापुरातल्या लॅपटॉपच्या दुकानात शिवराज आपला चार्जर दुरुस्त व्हायची वाट बघत बसला होता. तेवढ्यात करकंबचे सयाजीकाका आत आले आणि दुकानदार उठून उभाच राहिला.

"या काका! म्हटलं होतं ना, नव्या चिपचा लॅपटॉप आला की पहिला फोन तुम्हाला."

"व्हय, म्हून तर आलो. ह्या चिपवर बॅटरी लई टिकती म्हणं."

"तुम्हाला सगळंच ठाऊक!"

"पर दुसऱ्या कंपनीची दिवाळीला येतीया. ती हिच्याबी फुडं पळणार."

"मग दिवाळीपर्यंत थांबताय?"

"आजपतूर थांबलोच की. एक वरीस ह्या चिपसाठी, एक वरीस त्या चिपसाठी. आमची पोरगी अपेक्षा म्हणायची, आबा, कसलाबी लॅपटॉप चालंल. मी म्हणायचो, घ्यायचा तर चांगलाच घिऊ, चार म्हैन्यांत जुना व्हायला नगं."

"बरोबरच होतं की ते."

"पोरगी मोबाईलवर प्रोग्राम लिवायची, डोळं चोळत. दोनदा नापास झाली अन् कॉलेज सोडलं."

"अरेरे. मग आता?"

"साड्यांच्या दुकानात हाय. दिसभर घड्या घालती."

दुकानदारानं नव्या लॅपटॉपचा खोका काउंटरवर ठेवला.

"काढू का मग बाहेर? नुसता बघा तरी."

"काढ. ह्याचं कोर किती, येग किती, समदं पाठ हाय मला."

"मग चालू करून बघा की, काका."

"करतो. कुटनं चालू करायचा असतो, तेवढं दाव."