बाळकुमचा छोटा ट्रॅक्टर

माझ्या दुरुस्तीच्या नोंदवहीचं कौतुक पुरे, एकदा तिनेच माझं नाक कापलंय.

बाळकुम गावच्या म्हाताऱ्या दामूदादांनी शेती सुटल्यावर बागेचा छोटा ट्रॅक्टर विकायला काढला, तो मी हौसेने घेतलेला. सहा महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून दुरुस्त केला. प्रत्येक नटबोल्टाची नोंद वहीत. पण इंजिन दोन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. शेवटी वैतागून मी दादांना फोन लावला आणि अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असा ओरडलो, "तुम्ही मला फसवलंत!"

तासाभरात म्हातारा टेम्पो घेऊन हजर. "फसवलं असंल तर परत नेतो."

मग त्यांनी वाकून सायलेन्सरमध्ये तार घातली आणि एक काळं फडकं ओढून काढलं. "हे कुनाचं?"

"माझं नाही," मी म्हणालो.

बायकोने वही उघडून मोठ्याने वाचलं, "उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरमध्ये माझा जुना बनियन कोंबला."

इंजिन लगेच सुरू झालं. पार्किंगमध्ये जमलेले सगळे हसले, दादा सोडून. त्यांनी बनियन झटकला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"साहेब, आधी वही वाचायची, मंग फोन करायचा."