मोगऱ्यासोबत निवडलेले तारे

हसायचं नाही हं, पण माझे तारकागुच्छ आमच्या सांडोर गावच्या मालतीकाकीनं निवडले. मोठ्या दुर्बिणींचे फोटो इंटरनेटवर सगळ्यांना खुले असतात. त्यातून शेजारच्या एका आकाशगंगेतले नुकतेच जन्मलेले, भरगच्च तारकागुच्छ शोधून कॉलेजच्या खगोल प्रकल्पासाठी संध्याकाळपर्यंत सरांना यादी द्यायची होती. चुकले, तर प्रकल्पातून बाहेर. मी घाईघाईत टोकदार चमकणारे ठिपके घेतले आणि धुरकट ठिपके खोडले.

काकी शेजारी मोगरा निवडत बसली होती. लॅपटॉपकडे बघून म्हणाली, "हे का गं टाकलंस?"

"धुरकट आहेत."

"मोगऱ्याच्या वाडीच्या टोकावरून एकटं फूल स्पष्ट दिसतं. पुष्कळ एकत्र असली की धुरकटच दिसणार ना, येडे!"

खरंच की! टोकदार चमकणारे ते आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत आलेले एकटे तारे होते. मी अख्खी यादी उलटी केली, धुरकट घेतले, टोकदार खोडले, आणि सरांना पाठवली. मग त्या निळसर धुक्यातल्या हजारो कोवळ्या ताऱ्यांकडे नुसती बघत बसले.

सरांचा फोन आला, "बरोबर आहे! शिकवलं कुणी?"

मी सांगितलं.

"मग विचार त्यांना, पुढची आकाशगंगा बघतील का?"

काकी मान वर न करता म्हणाली, "मोगरा संपू दे."